न सांगितलेली घोडी

मधमाश्यांना सांगून झालं, गाईला सांगून झालं, म्हाताऱ्या बैलाला आणि दोन डुकरांनाही सांगून झालं. घोडीची पाळी आली तेव्हा तबेला रिकामा होता.

ॲव्हिस वॅडलो घराची जाड लोखंडी किल्ली हातात धरून दारातच थबकली. याच किल्लीने तिने मधमाश्यांच्या टोपल्यांवर तीन-तीनदा ठोकलं होतं, गोठ्याच्या खांबावर ठोकलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी हलक्या आवाजात तेच सांगितलं होतं. धनी गेले, आता मी हाय, कुठं जाऊ नका. तिचा नवरा बेनेट पहाटे गेला होता. दलदलीच्या हिवतापाने अठरा दिवस त्याची हाडं खिळखिळी केली आणि मग नेलं. पण बाईला रडायला सवड नव्हती. कर्ता माणूस गेला की दिवस मावळायच्या आत घरच्या प्रत्येक मुक्या जिवाच्या कानावर ते घालावं लागतं. जे जनावर राहून गेलं ते मेलेल्याचं झालं. तो येतो आणि नेतो.

"हंफ्री," ती वळून म्हणाली, "ग्रिझल कुठं हाय?"

हंफ्री पेल तिच्या मागे चार पावलांवर उभा होता. चाळिशीचा, खांद्यात वाकलेला गडी. सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या गड्यांच्या जत्रेत बेनेटने त्याला वर्षाच्या बोलीवर ठरवलं होतं आणि दर जत्रेला हातावर हात मारून पुन्हा ठेवून घेतलं होतं. वॅडलोंच्या शेतातली माती तांबूस. हंफ्रीच्या बुटांना मात्र गुडघ्यापर्यंत काळाकुट्ट चिखल वाळून बसला होता. बाईची नजर त्या चिखलावर गेली आणि तिथेच राहिली.

हंफ्रीने एक बूट दुसऱ्याच्या मागे ओढला.

"दिवस मावळायच्या आत तिला सांगायला पायजे," बाई म्हणाली. "न्हाईतर हे तिला घेऊन जातील. बोल की! मुका झालास का?"

मुका व्हायचीच तर शपथ होती. घोडी दलदलीतल्या बगळबेटावर होती आणि काल दुपारी त्यानेच तिला तिथे नेलं होतं.

काल बाई विहिरीवर गेली तेवढी संधी साधून बेनेटने त्याला अंथरुणाशी बोलावलं. ताप उतरला होता, पण तो बरं होण्याचा उतार नव्हता. दोघांनाही ते कळत होतं.

"मी उद्याचा दिवस बघत न्हाई," बेनेट म्हणाला. "मी गेलो की जहागीरदाराचा कारभारी मरणवाटा न्यायला येणार. गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर उचलणार. माझ्या बापाच्या वेळी बैल नेला, आजाच्या वेळी बी बैल नेला. ग्रिझल मी त्यांना देणार न्हाई. तिच्याबिगर ही बाई नांगर कशाला जुंपणार? सोताला?"

"मंग काय करू, धनी?"

"बगळबेटावर नेऊन बांध. कारभारी गाय घेऊन गेला की आण परत. तवर कुणाला बोलायचं न्हाई."

"मालकीणबाईंना तरी—"

"तिला तर मुळीच न्हाई! तिच्या तोंडात खोटं टिकतंय व्हय? कारभाऱ्यानं बायबल पुढं धरलं की घडाघडा बोलंल, आणि लबाडी केली म्हणून जमीन बी जाईल. तिला ठावंच नसलं की ती खरं बोलंल अन् सुटंल." बेनेटने हात पुढे केला. जत्रेत मारतात तसाच हंफ्रीने त्यावर हात मारला. धन्याचा तळवा कागदासारखा कोरडा होता.

दलदलीत फांद्या आणि लव्हाळे टाकून केलेली एकच वाट बगळबेटावर जाते. धुकं असं होतं की हंफ्रीला घोडीचे कान तेवढे दिसत होते, पाय दिसत नव्हते. बेटावरच्या जुन्या खोडाला त्याने तिला बांधलं. गाठ मारली ती बेनेटने शिकवलेली. ओढावं तितकी ती आवळते आणि आतला फास उलटा मागे ढकलल्याशिवाय सुटत नाही. घोड्याच्या दाताने सुटत नाही, माहीत नसलेल्या माणसाच्या हातानेही नाही. तीनदा ओढून बघितली. दोन दिवसांचं गवत टाकलं. निघताना त्याने ग्रिझलच्या गळ्यावर थाप मारली, पण ती त्याच्याकडे बघेना. तो आला त्या रिकाम्या वाटेकडे कान टवकारून ती बघत राहिली, कुणीतरी मागून येत असल्यासारखी. हंफ्रीनेही वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

धन्याने सगळा विचार केला होता. फक्त जनावरांना सांगायचं असतं हे त्या घाईत दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

माणूस मेल्याचा वास कावळ्याच्या आधी कारभाऱ्याला येतो. दुपार कलायच्या आत कारभारी लॅथम अंगणात हजर झाला. काळा झगा, पातळ ओठ, बरोबर दोन नोकर आणि गावचा लोहार ॲम्ब्रोज. गावच्या बंदोबस्ताचं काम त्या वर्षी ॲम्ब्रोजच्या गळ्यात पडलं होतं आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

लॅथमने टोपी काढली, प्रेताकडे एकदा पाहिलं, टोपी घातली आणि थेट तबेल्याकडे गेला. परत आला तेव्हा हसत होता.

"वॅडलोबाई, परगण्यात नाव असलेली पांढरी घोडी. नवरा मरतो आणि त्याच दिवशी ती नाहीशी होते. आम्ही दूधखुळे आहोत असं वाटलं का तुम्हाला?"

"मला ठावं न्हाई ती कुठं हाय," बाई म्हणाली. "आणा बायबल."

आणलं. तिने हात ठेवला, शपथ घेतली, आवाज जरासुद्धा कापला नाही. लॅथमने लोहाराकडे पाहिलं. लोहार म्हणाला, "साहेब, ही बाई लहानपणी सोता सफरचंद चोरून सोताच चुगली करायची. ती खोटं बोलत न्हाई."

"मग चोर दुसरा कुणी आहे," लॅथम म्हणाला आणि हंफ्रीपाशी येऊन उभा राहिला. त्याने छडीने हंफ्रीच्या बुटावरचा चिखल खरवडला. मग त्याच्या बाहीवरून एक लांब पांढरा केस दोन बोटांत धरून उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा उजेडात धरला.

"घोड्यांची देखभाल मीच करतो," हंफ्री म्हणाला. "केस लागायचेच."

"आणि दलदलीचा चिखल?"

हंफ्रीने छडीच्या टोकाला लागलेला काळा चिखल पाहिला.

"कुठला रे तू?"

"पलीकडच्या परगण्यातला."

"म्हणजे उपराच. घोडा चोरला तर काय होतं ठाऊक आहे ना? उन्हाळ्यातलं कोर्ट, दुपारी निकाल आणि शनिवारी दोर."

हंफ्रीला ठाऊक होतं. त्याच्या गावच्या चौरस्त्यावर एकाला लटकवलेलं त्याने लहानपणी पाहिलं होतं. त्याचे बूट कुणीतरी आधीच काढून नेले होते. आत्ता तोंड उघडलं तर तो सुटत होता. पण मग घोडीही जाणार, जमीनही जाणार आणि बाई रस्त्यावर. धन्याच्या तळव्याचा कोरडेपणा अजून त्याच्या हाताला जाणवत होता. त्याला भीती वाटली, खरी भीती. पण तो हात त्याने मुठीत मिटला.

"विचारायचंच असंल तर रीतीनं विचारू," ॲम्ब्रोज म्हणाला. "किल्ली लावू."

प्रेत होतं त्याच खोलीत किल्ली लावली. बेनेटच्या छातीवर ताटलीत मूठभर मीठ ठेवलेलं होतं, प्रेत फुगू नये आणि वाईट काही जवळ येऊ नये म्हणून. बाईने बायबल उघडून चोराचा उल्लेख असलेल्या स्तोत्राच्या पानात घराची तीच किल्ली घातली, तिची गोल कडी बाहेर ठेवली आणि ग्रंथ सुतळीने करकचून बांधला. मग एका बाजूने बाईने आणि दुसऱ्या बाजूने ॲम्ब्रोजने कडीखाली एकेक बोट लावलं. ग्रंथ दोन बोटांवर अधांतरी लटकत राहिला. चोराचं नाव घेतलं की तो आपोआप फिरतो. गावातला प्रत्येक जण हे जाणून होता आणि लॅथम शहरात शिकलेला असला तरी जन्मला याच चिखलात होता.

लॅथम दाराशी उभा राहून नावं घेऊ लागला. पाणचक्कीवाला. ग्रंथ स्थिर. मेंढपाळाचा थोरला मुलगा. स्थिर. गेल्या महिन्यात येऊन गेलेला कल्हईवाला. स्थिर. मग तो जरा थांबला आणि चवीने म्हणाला,

"हंफ्री पेल."

हंफ्री ग्रंथाकडे बघत नव्हता. तो बाईच्या बोटाकडे बघत होता. ते पांढरंफटक पडलं होतं.

ग्रंथ हलला नाही.

"पुन्हा घ्या," लॅथम म्हणाला आणि स्वतःच घेतलं, मोठ्याने. ग्रंथ हलला नाही.

"झालं तर मग," हंफ्रीच्या तोंडून निसटलं.

"झालं न्हाई," ॲम्ब्रोज म्हणाला. "घरातली सगळी नावं घ्यायची असतात. अर्धी घेतली तर ग्रंथ बोलत न्हाई."

"बाईंनी तर शपथ घेतली. घरात आता उरलं कोण?" लॅथमने विचारलं.

लोहाराने बोट न हलवता मानेने अंथरुणाकडे खूण केली. "धनी अजून छपराखालीच हाईत."

लॅथम फिस्सकन हसला. "बरं, तेही घेऊ. बेनेट वॅडलो."

ग्रंथ फिरला. हळू, एक अख्खा वळसा, कुणीतरी पान उलटावं तितक्या सावकाश; मग कडी दोन्ही बोटांवरून सटकली आणि तो धाडकन जमिनीवर पडला. ताटलीतलं मीठ थोडं सांडलं. कुणी ते भरायला पुढे झालं नाही.

बाहेर दिवस मावळत होता. "घोडीला सांगायचं राहिलं," बाई कुणालाही उद्देशून नाही अशी म्हणाली.

लॅथमच्या ओठांचा रंग गेला होता. पण पगारी माणसाला घाबरून चालत नाही. मेलेल्या माणसाला तुरुंगात घालता येत नाही, तेव्हा जिवंत होता त्यालाच त्याने धरला. अंत्यविधी गुरुवारी, तोवर गड्याला लोहाराकडे कोंडायचं, मातीला सगळ्यांसमोर उभा करायचा आणि तिथूनच परगण्याच्या तुरुंगात न्यायचा. तोपर्यंत घोडी मिळाली तर ठीक, नाही तर दोर आहेच.

लोहाराच्या कोळशाच्या खोपटात हंफ्रीने दोन दिवस काढले. भिंतीत एक फट होती, तिच्यातून धुकं दिसायचं आणि धुक्याशिवाय काही नाही. तो मनातल्या मनात गवत मोजायचा. सोमवारी दुपारी टाकलं, मंगळवारी अर्धं उरलं असेल, बुधवारी सकाळी काडी नाही. त्यात पावसाने दलदलीचं पाणी चढत होतं. वाट बुडाली असणार, खोडापाशीही पोचलं असेल. घोडी ओढणार आणि गाठ आवळत जाणार. आपल्याच हाताने मारलेली गाठ. त्याला वाटलं, धन्याचं बोलणं ऐकून आपण घोडी वाचवली नाही, तिला फास लावून आलो.

बुधवारी दुपारी त्याला टापा ऐकू आल्या. खोपटाभोवती फिरणाऱ्या, सावकाश, चिखलातल्या नव्हे, कोरड्या दगडावरच्या. त्याने फटीला डोळा लावला. धुकं.

"ॲम्ब्रोज," त्याने हाक मारली, "कुणी घोडा आणलाय का नालाला?"

भात्याचा आवाज थांबला. "न्हाई," लोहार म्हणाला. मग भिंतीजवळ येऊन त्याने विचारलं, "तुला बी ऐकू आल्या व्हय?"

त्यानंतर त्या दिवशी लोहाराने भाता बंद केलाच नाही. आवाज असला म्हणजे दुसरा आवाज ऐकू येत नाही.

दिवस कलता बाई आली. बार्लीचा काळा पाव आणि चीजचा तुकडा तिने फटीतून आत सरकवला. मंगळवारी याच बाईने त्याचा लाकडी वाडगा टेबलावरून उचलून उंबऱ्याबाहेर, कुत्र्याच्या थाळीशेजारी ठेवला होता. हंफ्रीला तुरुंगापेक्षा ते जास्त लागलं होतं.

"तू नेलीस का तिला?" बाईने विचारलं.

हंफ्रीने पाव हातात घेतला आणि खाल्ला नाही.

"सांगत न्हाईस. न्हाई म्हणत बी न्हाईस." ती फटीला अगदी टेकून बोलत होती, तिचा श्वास आत येत होता. "ऐक. तुझं नाव घेतलं तवा मी बोट आवळून धरलं हुतं. सगळं बळ लावून. पयल्यांदाच मी ग्रंथाशी लबाडी केली. का केली ठावं न्हाई. तू चोर असलास तरी सहा वर्सं माझ्या चुलीपाशी जेवलास, तुला टांगलेला मला बघवला नसता."

"आणि धन्यांच्या नावाला?" हंफ्रीने विचारलं.

"त्यांच्या नावाला मी सोडून दिलं. म्हटलं, मेलेल्याचं काय वाकडं हुणार? मी फिरवला न्हाई, हंफ्री. तो फिरला."

हंफ्रीला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. बगळबेट हा एकच शब्द. पण उद्या लॅथम पुन्हा बायबल पुढे धरणार होता, आणि ही बाई दुसऱ्यांदा लबाडी करणारी नव्हती. त्याने पाव तोंडात कोंबला, शब्द बाहेर पडू नये म्हणून. बाई गेली.

गुरुवारी दुपारी चर्चच्या आवारात बेनेटला खाली सोडलं तेव्हा धुकं थडग्यांच्या दगडांवर बसलं होतं. सारा गाव जमला होता. हंफ्रीचे हात पुढे बांधलेले. सहा वर्षांत धन्याने त्याला एकदाही शिवी दिली नव्हती, आणि त्याला खांदाही देता आला नाही. लॅथमचे नोकर त्याच्या दोन्ही बाजूंना होते आणि फाटकापाशी तुरुंगाला जायची गाडी उभी होती. बाईने पहिली मूठ माती टाकली.

मातीचा आवाज झाला आणि त्याच्या मागोमाग टापांचा.

सगळ्यांनी ऐकला. चार पाय, सावकाश, दलदलीच्या बाजूने. पाद्री प्रार्थना म्हणता म्हणता अडखळला. धुक्यातून आधी कान दिसले, मग पांढरं डोकं, मग ग्रिझल आख्खी. पाठीवर कुणी नव्हतं. खोगीर नव्हतं. चिखल मात्र फक्त खुरांना होता आणि सर्वांग घामाने निथळत होतं, कोसभर दौडवून आणल्यासारखं. आयाळीच्या बटांना पीळ घालून दोन्ही बाजूंना दोन वेटोळी झाली होती, पाय अडकवता येईल अशी. अशा वेटोळ्यांना त्या मुलखात भुताची रिकीब म्हणतात, पण तो शब्द तिथे कुणी उच्चारला नाही.

ती माणसांमधून वाट काढत आली. माणसंच बाजूला झाली म्हणा. खड्ड्याच्या काठाशी येऊन ती थांबली.

"धरा तिला!" लॅथम म्हणाला. "हाच मरणवाटा. धरा म्हणतो ना!"

नोकर एकमेकांकडे बघू लागले. एकाने हळूच हंफ्रीचा दंड सोडला.

"लोहार, तू धर."

"मी न्हाई, साहेब," ॲम्ब्रोज म्हणाला. "तीन दिवस झाले, तिला कुणी सांगितलेलं न्हाई. ज्याची हाय त्यानं आणलीय ती. तुमी घ्या की. मरणवाटा तुमचा. लावा हात."

लॅथम दोन पावलं पुढे झाला. सारा गाव बघत होता, तेव्हा त्याला ते भागच होतं. त्याने हात पुढे केला, घोडीच्या पाठीपर्यंत नेला. घोडी हलली नाही. तिने फक्त त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, तिथे जणू उंच कुणी उभं होतं. लॅथमचा हात तिच्या पाठीवर टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"गाय," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "वहीत गाय लिहा. वॅडलोंचा वाटा मिळाला."

"आणि हा?" ॲम्ब्रोजने हंफ्रीकडे बोट केलं. "हा दोन दिवस माझ्या खोपटात हुता. कडी मी घातली हुती."

लॅथम फाटकाच्या वाटेला लागला होता. त्याने मागे न बघता हात झटकला. लोहाराने हंफ्रीचे हात सोडले.

गाय घेऊन नोकर गेले तेव्हा बाई थोडी रडली. नवऱ्यासाठी आणि गाईसाठी, कोणासाठी किती ते तिचं तिला माहीत. मग तिने उंबऱ्याबाहेरचा वाडगा उचलला, राखेने घासला आणि टेबलावर हंफ्रीच्या जागी ठेवला.

हंफ्री घोडीला तबेल्यात घेऊन गेला. गवताच्या काड्यांनी तिला पुसताना त्याने पाठीवर हात ठेवला आणि लॅथमने का काढला ते त्याला कळलं. सगळं अंग गार पडलं होतं; पाठीच्या मधोमध, माणूस बसतो तेवढीच जागा ऊबदार आणि कोरडी होती.

दोरी तिच्या गळ्यात होती. तुटलेली नव्हती, कुरतडलेली नव्हती. गाठ सोडलेली होती आणि उरलेली दोरी डावीकडून गुंडाळून, टोक आत खोचून, नीट ठेवली होती. हंफ्री उजवीकडून गुंडाळत असे.

दारात बाई उभी होती. किल्ली तिच्या कमरेला होती. तिने दोरी पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"ही तू गुंडाळलीस?"

इतक्या दिवसांत बाईने विचारलेल्या प्रश्नांपैकी या एकालाच त्याला उत्तर देता येत होतं.

"न्हाई, मालकीणबाई."

तिने मान हलवली. दोरी घोडीच्या गळ्यातून काढून घेतली आणि तशीच, गुंडाळी न मोडता, नवऱ्याच्या खुंटीला अडकवली. मग किल्ली सोडून हंफ्रीच्या हातात दिली.

"उशीर झालाय," ती म्हणाली. "तरी सांग. माझ्यानं हुणार न्हाई."

हंफ्रीने खांबावर तीनदा ठोकलं. घोडीच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या अंगाला दलदलीचा वास नव्हता; धन्याच्या खोलीतल्या मिठाचा होता.

"ग्रिझल," तो म्हणाला, "धनी गेले. आता मालकीणबाई हाईत. तू कुठं जाऊ नगंस."

त्याने वाट पाहिली. हे सांगितलं की जनावर दचकतं, निदान कान हलवतं. गाईने हलवला होता, म्हाताऱ्या बैलाने हलवला होता. ग्रिझल शांतपणे गवत खात राहिली. तिला ते कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं.